माप घ्यायला येणारे व्याही

राऊळभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. फोन वैशालीने घेतला. वैशाली म्हणजे माझी सून, राऊळभाऊंची एकुलती एक लेक. "कधी?" एवढंच ती म्हणाली आणि रिसीव्हर तसाच धरून भिंतीला टेकली. मी तिच्या हातातून तो ओढून घेतला आणि पलीकडे कोण आहे हे न विचारताच दरडावलं, "डॉक्टर आले होते का? नाडी कोणी बघितली?" पलीकडे त्यांचा विरारचा शेजारी होता. बिचारा गडबडला. म्हणाला, दुपारी जेवून आडवे झाले, वहिनी चहाला उठवायला गेल्या तर अंग गार... तरी माझं समाधान होईना. "मग डॉक्टरांनी लिहून दिलंय का तसं?" मी विचारलं. आज हे आठवलं की माझी मलाच लाज वाटते, पण खरं सांगायचं तर त्या माणसाच्या बाबतीत ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची सवय मला त्यांनीच ठेवली नव्हती. स्वतः हात लावून बघितल्याशिवाय त्यांनी बाजारातला नारळसुद्धा कधी घेतला नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. सगळे बोललेच. शिस्तीचे होते, कोणाच्या अध्यात ना मध्यात, कोणाचा चहाही फुकट प्यायले नाहीत. असेल. पण मी त्यांची विहीण. व्याही-विहिणीचं नातं गोड बोलून चालवायचं आणि मनात चार हात लांब ठेवायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्यात या माणसाने वर्षानुवर्षं माझ्यावर संशय घेतला. साधासुधा नव्हे. मी त्यांच्या मुलीला नीट जेवायला देते की नाही, असला संशय असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तो कसला होता हे मला कळलं तेव्हा मी हादरले, आणि त्यानंतर मला या जगात एकच गोष्ट हवी होती... या माणसाने मला एकदा, फक्त एकदा, निर्दोष म्हणावं. बाकी जगाने काय म्हटलं याच्याशी मला घेणंदेणं नव्हतं.

सुरुवात झाली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ते आमचं घर बघायला आले तेव्हा. आम्ही तेव्हा नुकतेच आचोळ्याला राहायला आलो होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही, नळाला पाणी आलं तर देवाची कृपा, नाहीतर टँकर. नितीनने विरारला मुलगी बघितली होती, पसंत केली होती, आता मुलीकडचे घर बघायला येणार होते. मुलीकडच्यांनी घर बघायचं म्हणजे काय असतं? हॉलमध्ये बसायचं, पोहे खायचे, गॅलरीत जाऊन "छान हवेशीर आहे हो" म्हणायचं, आणि आतल्या खोल्यांकडे उभ्या उभ्या नजर टाकून निघायचं. मी नवीन पडदे लावले होते. शोकेसमधल्या बाहुल्या पुसून ठेवल्या होत्या. हा माणूस आला, चपला काढल्या, दारावरच्या मीटरकडे एकदा बघून घेतलं (वीजखात्यात होते, लोकांचे मीटर तपासायचे आणि चोरी पकडायचे, त्यामुळे ती नजर कुठेही गेली तरी आधी मीटरवर जायची) आणि बसायच्या आधीच म्हणाले, "आधी स्वयंपाकघर बघू."

मला वाटलं, असेल हौस. पण आत गेल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून पोलादी टेप काढली आणि खर्रकन ओढली. "मुलीला फ्रीज द्यायचाय. माप घेतलेलं बरं." अहो, आम्ही काही मागितलेलं नव्हतं! आमच्या ह्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, नारळ आणि मुलगी, तिसरी गोष्ट नको. आणि हे आमच्याच घरात येऊन आम्हाला फ्रीज देणार म्हणजे उद्या चारचौघांत सांगायला मोकळे. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. त्यांनी मला पाण्याचं पिंप सरकवायला लावलं. ओट्याची उंची घेतली, ओटा ते समोरची भिंत घेतलं, दाराची चौकट घेतली. मग भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "इथे एक बाई गॅसपाशी असताना दुसरीला मागून पटकन बाहेर पडता येतं का?"

"आम्ही काय फुगडी घालणार आहोत का इथे?" मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खिडकीची जाळी हलवून बघितली, उघडते का. मी मनात म्हटलं, फ्रीज काय खिडकीतून आत आणणार आहे हा माणूस? मग रॉकेलचा स्टोव्ह कुठे ठेवता, अजून वापरता का, सिलिंडर संपला की तो कोण पेटवतं. आणि शेवटी दाराला बाहेरून असलेली कडी. ती त्यांनी लावून बघितली, काढून बघितली, पुन्हा लावून बघितली. "ही बाहेरून कशासाठी?" मी सांगितलं की गॅलरीतून मांजर येतं, दार ढकलून दुधाच्या पातेल्यात तोंड घालतं, म्हणून झोपायच्या आधी बाहेरून कडी लावते. "आत माणूस असताना कोणी चुकून लावली तर?" मी म्हटलं, "आम्ही तीन माणसं घरात. कोण लावणार?" त्यावर ते माझ्याकडे बघत राहिले. मी मीटर आहे आणि माझा काटा उलटा फिरतोय, असं ते बघणं होतं. पोहे त्यांनी अर्धे ठेवले.

ते जिना उतरतायत न उतरतायत तोच मी जाहीर केलं, मला ही सोयरीक नको. आमचे हे म्हणाले, "अगं, सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. काळजीवाहू माणूस आहे." काळजीवाहू म्हणे! मला खात्री होती की हा माणूस आमची ऐपत मोजायला आला होता. घर लहान आहे हे विरारभर सांगेल, नाहीतर पुढे कधीतरी येऊन लेकीच्या घरात ठाण मांडेल, म्हणून जागा बघून ठेवतोय. मी विरारला ओळखीच्या बायकांकडून चौकशी केली. सगळ्यांचं एकच उत्तर, माणूस सरळ, फक्त संशयी. आता संशयी म्हणाल तर मीही काही कमी नाही. दूधवाल्याचं माप मी स्वतः भांड्यावर वाकून बघते. पण माझा संशय दुधापुरता. नितीन मात्र हट्टाला पेटला होता, मुलगीही खरोखर गुणी वाटत होती... लग्न झालं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, त्यात व्याही पाहावा जवळून हे कोणी सांगितलं नाही.

फ्रीज आला तो अगदी मापात बसला. मागे चार बोटं जागा सोडा, त्याला श्वास घ्यायला लागतो, असं स्वतः उभं राहून त्यांनी हमालांना सांगितलं, आणि दार डावीकडून उघडणारा घेतला होता म्हणजे चौकटीची वाट अडायला नको. मला वाटलं संपलं. कसलं संपतंय! दर वर्षी काही ना काही निघायचं. मिक्सर. मग वॉशिंग मशीन, जे स्वयंपाकघरात बसत नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, तरी माप घेतलंच. मग पाण्याचा फिल्टर. "मिक्सरला हो कसलं माप?" मी एकदा विचारलं. "वायर कुठून जाईल ते बघायला लागतं विहीणबाई," म्हणाले. येण्याआधी फोन करायचे नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी बेल वाजायची, दारात हे उभे. खिसा फुगलेला. माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती की टेपचं दुसरं टोक नेहमी वैशालीनेच धरायचं. मी पुढे झाले तर म्हणायचे, राहू द्या, ती धरते. मग दोघं बापलेक ओट्यापाशी, आणि मी माझ्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर. हा माणूस तिच्या मनगटांकडे, कोपरांकडे बघायचा. मला वाटायचं, बांगड्या मोजतोय. आम्ही तिचं सोनं गहाण टाकलंय का ते बघतोय!

शेवटी माझ्यातली वरमाय जागी झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विरारला गेले तेव्हा मी ह्यांची टेप पर्समध्ये टाकून नेली. राऊळभाऊ घरात नव्हते. विहीणबाई, म्हणजे नलिनीताई, तिळगूळ देऊन झाल्यावर मला आत घेऊन गेल्या. मी टेप काढली आणि त्यांचा ओटा मापायला सुरुवात केली. त्या बघतच राहिल्या. "अहो, हे काय करताय?"

"म्हटलं, आपणही काहीतरी द्यावं. भाऊ एवढं देतात. माप घेतलेलं बरं."

नलिनीताई मोठ्याने हसल्या, हसता हसता डोळे पुसले, आणि मी दाराचं माप घ्यायला चौकटीपाशी गेले तेव्हा गप्प झाल्या. चौकटीला दारच नव्हतं. बिजागऱ्या होत्या, त्यांच्यावर रंगाचे थर चढलेले, पण दार नाही. मी विचारलं, दुरुस्तीला दिलंय का? त्या म्हणाल्या, "नाही. त्यांनी काढून टाकलं. आम्ही इथे राहायला आलो त्याच दिवशी." मग बाहेरच्या खोलीत बायका हळदीकुंकवाला येत-जात असताना, हातात तिळगुळाची ताटली धरून, उभ्या उभ्या त्यांनी मला कुसुमचं सांगितलं.

कुसुम ही राऊळभाऊंची धाकटी बहीण. तिला मुंबईला दिली होती. आई-वडील नव्हते, त्यामुळे घर बघायला राऊळभाऊच गेले होते. बाहेरच्या खोलीत बसले, चहा प्यायले, रेडिओ बघितला, कपाट बघितलं, भिंतीवरचे फोटो बघितले. माणसं गोड बोलत होती. स्वयंपाकघरात डोकावणं बरं दिसत नाही म्हणून ते आत गेले नाहीत, आणि होकार देऊन आले. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. स्टोव्हचा भडका उडाला, असं कळवलं गेलं. भाऊ पोचले तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यांनी ते स्वयंपाकघर पहिल्यांदा तेव्हा बघितलं. एक माणूस उभा राहील एवढी जागा, खिडकीला पक्की जाळी, आणि दाराला बाहेरून कडी. ती लावलेली होती की नव्हती, हे कोणीही सांगितलं नाही. शेजाऱ्यांनी काही ऐकलं नव्हतं. पोलिसांनी अपघात लिहिला. "तेव्हापासून हे असे," नलिनीताई म्हणाल्या. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मनाला लावून घेऊ नका! मी तडक रिक्षात बसले. आधी त्या पोरीसाठी रडले, हे अगदी खरं. पण आचोळ्याला रिक्षातून उतरेपर्यंत दुसरी गोष्ट डोक्यात शिरली होती. म्हणजे हा माणूस मला तसली बाई समजतो. मी... जी झुरळ मारायचं तर शेजारणीला हाक मारते, ती मी, सुनेला जाळीन म्हणून हा माझं स्वयंपाकघर मापून जातो. तिच्या हातांवर डाग शोधतो. मी देवापुढे बसले आणि दिवा लावतानासुद्धा मला काडीची भीती वाटली. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, मान्य. पण मी ताक होते, हे त्याला कधी कळणार होतं?

आणि मग त्या कडीचं काय करायचं हा प्रश्न पडला. काढावी तर तो म्हणेल, बघा, मनात काहीतरी होतं म्हणून काढली, चोराच्या मनात चांदणं. ठेवावी तर तो म्हणेल, कळूनही ठेवली. आठवडाभर मी त्या दारासमोरून जाताना मान खाली घालत होते. शेवटी ह्यांनी पेचकस घेतला आणि काढून टाकली, म्हणाले, आता या घरात मांजर जे काय खायचं ते खाऊ दे. पुढच्या वेळी राऊळभाऊ आले, फिल्टरसाठी. दारापाशी थबकले. चौकटीवर स्क्रूची भोकं उरली होती, त्यांवरून बोट फिरवलं.

"कडी कुठे गेली?"

"मांजर मेलं," मी म्हटलं.

"हं," म्हणाले, आणि खर्रकन टेप ओढली. मांजर मेलेलं नव्हतं. ते तेव्हा गॅलरीत उन्हात झोपलं होतं आणि त्यांना ते दिसत होतं.

अशीच वर्षं गेली. वैशालीला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली. मग एकदा ज्याची मला इतकी वर्षं धास्ती होती तेच झालं. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. वैशालीने कुकरची वाफ पुरती जायच्या आत झाकण उघडलं आणि उकळती डाळ तिच्या उजव्या हातावर आली. तिची किंकाळी ऐकून मी धावले. काही सुचत नव्हतं, पण पाणी सुचलं. नळ कोरडाच होता. मी पिंपाचं झाकण फेकलं आणि तांब्याने, मग पातेल्याने, सगळं पाणी तिच्या हातावर ओतत राहिले. खाली डाळ-पाण्याचा चिखल, त्यात आम्ही दोघी बसलेल्या. मग तशीच ओली तिला रिक्षात घालून तुळिंजच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसा. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय." मी बाहेर बाकावर बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "सून का?" मी हो म्हटलं. ती थोडी सरकून बसली.

फोन मीच केला. दुसऱ्या कोणी केला असता तर मी आयुष्यभर संपले असते. "भाऊ, वैशालीचा हात भाजलाय. कुकर उघडताना. ती ठीक आहे, बोलते तुमच्याशी." मी फोन तिच्या कानाला लावला. वैशाली बोलली, हसूनही बोलली. त्यांना ते हसू खरं वाटलं नसणार, कारण आम्ही घरी पोचतोय तोवर ते जिन्यात हजर होते. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वैशालीला बेडरूममध्ये नेलं, दार लावून घेतलं. मी माझ्या घरात, हॉलमध्ये, आरोपीसारखी बसले होते. बाहेर आले तेव्हा विचारलं, "तुम्ही कुठे होता?"

"गॅलरीत. कपडे वाळत घालत होते."

"किंकाळी ऐकल्यावर किती वेळाने आलात?"

तेव्हा माझा बांध फुटला. "राऊळभाऊ, तुमच्या कुसुमचं मला ठाऊक आहे. खूप दिवसांपासून ठाऊक आहे. पण मी ती बाई नाही हो... मी तसली बाई नाही."

ते खुर्चीत बसले.  मग अगदी शांतपणे म्हणाले, "तिची सासूही हेच म्हणाली होती."

यावर काय बोलायचं? जगात कुठली बाई याला काय उत्तर देईल?  ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, निघाली टेप. पण टेपचा आवाज आला नाही. पिंपाच्या झाकणाचा आवाज आला. "पाणी कधी भरलं होतं?" त्यांनी आतूनच विचारलं. मी म्हटलं, "काल संध्याकाळी. टँकर आता परवा येईल." झाकण पुन्हा ठेवल्याचा आवाज झाला. आणि ते चहा न घेता निघून गेले. त्या दिवशी मी मनसोक्त रडले. सुनेचा हात भाजला म्हणून नव्हे, खोटं कशाला बोलू, मला माझीच दया आली होती.

चार-पाच दिवसांनी वैशालीची चौकशी करायला नलिनीताईंचा फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्याकडून आले आणि न बोलता जेवले. मग हात धुताना म्हणाले, पिंप तळाला गेलं होतं." मला वाटलं, हा माणूस आता आमच्या पाण्यालाही नावं ठेवतोय. मी ठसक्यात म्हटलं, "हो, आमच्याकडे टँकर रोज येत नाही." नलिनीताईंनी फोन ठेवला. मला राऊळभाऊंच्या त्या वाक्याचा अर्थ लागायला पुढे कितीतरी वर्षं जावी लागली. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या बाईने भरलेलं पिंप रिकामं केलं, याची नोंद त्या मीटर तपासणाऱ्या माणसाने घेतली होती. पण तेव्हा मला हे कोण सांगणार? ते स्वतः ताकास तूर लागू देणारे नव्हते. त्यानंतरही येत राहिले. टेप खिशात असायचीच. कधी गॅसची नवी शेगडी, कधी आणखी काही. मीही पिंप सरकवून देत होते आणि उंबऱ्याबाहेर उभी राहत होते. भांडायचा कंटाळा आला होता, पण मनातली सल काही गेली नव्हती.

गेल्या वर्षी त्यांनीच दिलेला तो पहिला फ्रीज थंड करेनासा झाला. इतकी वर्षं टिकला, मापात बसवलेला होता ना! वैशालीने सहज फोनवर वडिलांना सांगितलं. मी म्हटलं, झालं, रविवारी स्वारी येणार. शनिवारी मी स्वयंपाकघर आवरलं, जुना फ्रीज ओढून मागची जळमटं काढली, नाहीतर तेही बघून जातील. साबुदाणा भिजत घातला, कारण साबुदाणा वडा त्यांनी आमच्याकडे पूर्ण खाल्लेली एकच गोष्ट होती. रविवार उजाडला, दुपार झाली, माणूस काही आला नाही. वडे आम्हीच खाल्ले. मला चैन पडेना. इतकी वर्षं त्यांच्या येण्याचा राग आला होता, आणि आता ते आले नाहीत तर त्याचाही संशय... काय बिनसलं? मी काही बोलले का? की नवीन फ्रीज द्यायचा नाहीय म्हणून टाळतायत?

मंगळवारी खाली टेम्पो लागला. विरारच्या दुकानातून फ्रीज आला होता. फ्रीज कसला, कपाट! दोन दारांचा, माझ्या डोक्याच्याही वर जाणारा. हमालांनी कसाबसा तिसऱ्या मजल्यावर चढवला, हॉलमध्ये आणला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत अडकला. सरळ घातला, आडवा घातला, दाराची फळी काढली, तरी जाईना. एक हमाल म्हणाला, "चौकट तोडावी लागेल मावशी." मी तडक फोन लावला.

"भाऊ, माप न घेता कसा काय पाठवलात हो?"

"आत जात नाही का?"

"दोन बोटं कमी पडतायत."

ते हसले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाचं हसणं ऐकलं नव्हतं, मला आधी वाटलं की खोकतायत. "राहू दे मग बाहेरच," म्हणाले. "म्हटलं, आता तुमच्याकडे कशाला मापायला यायचं?"

मी फोन ठेवला. माझा स्वभाव मेला, पहिला विचार हाच आला की वय झालं, विसरले असतील आणि आता सारवासारव करतायत. वैशालीला विचारलं, "बाबांची तब्येत बरी आहे ना गं?" ती म्हणाली, "अगदी ठणठणीत. काल मामाच्या घरी जाऊन खिडकीच्या पडद्यांची मापं घेऊन आलेत." मी पुसायला घेतलेलं फडकं हातात धरून त्या फ्रीजसमोर उभीच राहिले. हमाल पैशांसाठी ताटकळत होते. ज्या माणसाने मिक्सरच्या वायरीचं माप घेतलं, त्याने मेहुण्याच्या पडद्यांचंही घेतलं, आणि माझ्या घरी मात्र कपाटाएवढा फ्रीज डोळे मिटून पाठवून दिला होता. मला हुंदका आला तो मी हमालांसमोर आवरला नाही.

त्यानंतर ते आमच्याकडे एकदाच आले, नातीच्या वाढदिवसाला. हॉलमध्येच बसले. स्वयंपाकघरात गेले नाहीत. वडे खाल्ले, दुसरे मागून घेतले. मी त्यांना काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आणि आता ते गेले.

तेराव्यानंतर नितीनने विषय काढला. दुकानदार ओळखीचा आहे, हा देऊन लहान घेऊ म्हणाला, हॉलमध्ये चालायला जागा नाही. जागा नाही हे खरं आहे. सोफा गॅलरीच्या दाराला टेकलाय, आणि कोणी पाण्याची बाटली काढायला दार उघडलं की टीव्हीवरच्या बातम्या दिसत नाहीत. आलागेला प्रत्येक जण विचारतो, अहो, फ्रीज बाहेर कसा? वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, त्याला कोणी हात लावायचा नाही.

"अगं आई, पण तो मापात बसत नाही," नितीन म्हणाला.

"नाही बसत," मी म्हटलं. "तो मापून पाठवलेलाच नाहीय."